काठावर जुळवलेले कपलिंग

कामगारावर लिहिणारे पुष्कळ झाले आहेत. त्याची चाळ, त्याचा गुत्ता, त्याच्या बायकोचे फाटके लुगडे यांवर लिहिलेले मी बरेच वाचले आहे आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडला आहे: हा माणूस दिवसाचे आठ तास नेमके करतो तरी काय? ते कोणी सांगत नाही. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि विचारावेसेही वाटत नाही. कीव करायला माहिती लागत नाही. म्हणून या अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हाच मी ठरवले की कोणाला कीव येईल असे काही लिहायचे नाही. एका बेअरिंगबद्दल लिहायचे.

मी दापोडीला, मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर आहे. वय सव्वीस, मूळ गाव बार्शीकडचे. कारखान्यात माझे नाव फिटर म्हणून कमी आणि युनियनची पत्रके लिहिणारा म्हणून जास्त. ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ने सुरू होऊन ‘धिक्कार असो’ने संपणारे गुलाबी कागद त्या रस्त्यावर कोणाच्या हाती पडले असतील, तर ते बहुधा माझे.

आमच्या इंजिनखात्याचे मुख्य केरबा मिस्त्री. महाळुंग्याच्या लोहाराच्या घरचे, शाळा दुसरीपर्यंत. लहानपणापासून घणाच्या आवाजात राहिल्यामुळे डावा कान पार गेलेला आणि उजवा निम्मा. इंजिनाची नाडी पाहणाऱ्या माणसाला कान नसावेत, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. पण मिस्त्री दातांनी ऐकतात. हातभर लांबीची एक लोखंडी सळई आहे त्यांच्याकडे. तिचे एक टोक इंजिनावर टेकवायचे आणि दुसरे दातांत धरायचे. मग ते डोळे मिटतात, आणि त्यांच्या कवटीत कुठला आवाज कुठून येतो हे त्यांना कळते. “कानाला समदा बाजार ऐकू येतो,” ते म्हणतात, “दाताला नेमकं येतं.”

एकदा पुण्याचे एक वकील नवी मोटार घेऊन आले. इंजिनात ठोका आहे म्हणून दोन ग्यारेजांनी ते खोलून परत बांधले होते. मिस्त्रींनी सळई लावली, काढली, पुसली आणि म्हणाले, “इंजान झ्याक हाय. गाडी त्या खड्ड्यावरनं न्या बरं.” गाडी खड्ड्यावरून गेली, ठोका आला. मिस्त्रींनी मागची डिकी उघडायला लावली. गोणपाटाखाली तीन नारळ लोळत होते. वकीलसाहेबांनी त्यातला एक आम्हाला दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आता बेअरिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. ती वर-खाली गोल फिरण्यात बदलतो तो क्रँकशाफ्ट, म्हणजे पोटातून आडवा गेलेला वेडावाकडा पोलादी दांडा. तो ज्या अर्धगोल खोबणींत फिरतो ती बेअरिंगे. त्यांना आतून व्हाइट मेटल नावाच्या मऊ धातूचे अस्तर असते. दांडा आणि अस्तर यांच्यात केसाएवढी फट आणि त्या फटीत तेल. दांडा खरे म्हणजे त्या तेलावर तरंगतो. फट वाढली की तेल निसटते, तेलाचा दाब उतरतो, दांडा आपटू लागतो आणि एक दिवस इंजिन स्वतःला फोडून घेते. बेअरिंग झिजले आहे हे त्या दिवसाच्या आधी ओळखणे, कोणते झिजले ते ओळखणे आणि का झिजले ते ओळखणे, हा आमचा धंदा. पहिले दोन पुष्कळांना जमतात.

मी सांगतो ती लाँच मावळातल्या एका धरणाच्या पाण्यावर चालते. धरणाने जुनी वाट बुडवल्यामुळे पलीकडच्या वाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा सगळे त्या लाँचवर अवलंबून. लाकडी सांगाडा आणि लढाईनंतर लिलावात निघालेले सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन. या इंजिनाला सुपरचार्जर होता. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक पंप, जो बाहेरची हवा कोंबून कोंबून सिलिंडरमध्ये भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त जोर. केरबा मिस्त्री त्याला सरळ ‘भाता’ म्हणत. भात्याने आग भडकते, आणि आग भडकली की खालच्या बेअरिंगांवर बसणारा घावही मोठा होतो.

आदल्या वर्षी हे इंजिन आम्हीच दुरुस्त केले होते. लाँच काठावर ओढून, ओंडक्यांवर टेकवून आम्ही ते बसवून दिले होते. आठ महिन्यांनी लाँचच्या शेठचे पत्र आले. इंजिन ठोके देते, तेलाचा दाब पडला आहे, लाँचचालकाने तेल न घालता इंजिन चालवले, त्याला आम्ही कामावरून कमी करत आहोत, तरी कारखान्याने तसा लेखी अभिप्राय द्यावा.

मॅनेजरसाहेबांनी मिस्त्रींना बोलावले. मी शेजारच्या लेथवर होतो, आणि मिस्त्रींशी ओरडूनच बोलावे लागत असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

“केरबा, सुपरचार्जरचं इंजिन तेल जास्त खातं. त्या माणसाने पाहिलं नसणार. तसं लिहून देऊ. आपल्यालाही बरं.”

“आपल्याला कसं बरं, सायेब?”

“अरे, दुरुस्ती आपली होती. दोष चालकाचा निघाला तर आपल्यावर काही येत नाही.”

“मंग आदी इंजान बघूया,” मिस्त्री म्हणाले. “न बगता म्या न्हाई सांगत.”

त्याच आठवड्यात तो चालक स्वतः दापोडीला आला. धाकू तांडेल, मालवणकडचा, पन्नाशीचा, कोळशासारखा काळा, डोक्यावर लाल टोपी. बाप-आजे होड्यांवर गेले, हा लाँचवर. धक्क्यावरच्या दहा फुटी खोलीत त्याचा संसार. नोकरी गेली तर खोली जाणार होती, आणि तेल न पाहता इंजिन जाळणारा म्हणून लेखी शिक्का बसला तर दुसऱ्या कुठल्या लाँचवर त्याला कोणी उभे करणार नव्हते. तो मिस्त्रींपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “मिया तेल घालूक नाय, असा शेठ म्हणता. मिस्त्रीनू, तेल बगल्याशिवाय मी इंजिनाक हात लावणंय नाय.”

मला आणखी काय हवे होते? त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिले. ‘लाँचमालकाचे भेसळ तेल आणि गरीब तांडेलाच्या पोटावर पाय’. भेसळीचा पुरावा माझ्याकडे नव्हता. पण शेठ होता, तांडेल होता, आणि मधली जागा भरायची मला सवय होती. छापखान्यातून गठ्ठा आला तो मी मोठ्या दिमाखाने मिस्त्रींना दाखवला.

त्यांना वाचायला वेळ लागतो. संपूर्ण वाचले. मग म्हणाले, “लीडर, तू इंजान ऐकलंस का?”

“नाही.”

“त्येल बगितलंस?”

“नाही, पण मिस्त्री, हे शेठ लोक—”

“मंग उद्या माज्यासंगं चल. आन हा गठ्ठा तवर वाटू नगंस.”

सकाळी आम्ही कारखान्याच्या ट्रकने निघालो. गठ्ठा मी पिशवीत बरोबर घेतला. निकाल लागताच तिथेच धक्क्यावर वाटायचा, असा माझा बेत होता.

लाँच धक्क्याला लागलेली होती. मिस्त्रींनी आधी तेल पाहिले. काडी बुडवली, बोटांत चोळली, वास घेतला, जिभेलाही लावले. “त्येल चांगलं हाय. पातळीबी हाय,” ते म्हणाले. माझ्या पत्रकाचे शीर्षक तिथेच मेले.

मग त्यांनी लाँच जाड दोराने धक्क्याला बांधायला सांगितली आणि इंजिन चालू करून गिअर टाकायला लावला. लाँच दोर ताणून धरते, पुढे जाऊ शकत नाही, आणि इंजिनावर ओझे पडते. झिजलेले बेअरिंग ओझ्याखालीच बोलते. पण सुपरचार्जरची शीळ इतकी, की मला दुसरे काहीच ऐकू येईना. मिस्त्रींनी सळई दातांत धरली, काढली आणि ओरडले, “भात्याचा पट्टा उतरव.”

इंजिन बंद करून मी पट्टा उतरवला. पुन्हा सुरू केल्यावर काळा धूर आला, जोर निम्मा झाला, पण शीळ गेली. तळातून एक जड, मंद ठोका आला. रिकाम्या कणगीवर कोणी मूठ मारावी तसा.

आता मिस्त्री एकेक सिलिंडर तोडू लागले. म्हणजे त्याच्या डिझेलच्या नळीचा नट ढिला करायचा, की तो सिलिंडर गप्प. पहिला तोडला, ठोका तसाच. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, तसाच. सहावा तोडल्यावर ठोका दबला, पण गेला नाही. पिस्टनच्या दांड्याचे बेअरिंग असते तर एकट्या सिलिंडरने ठोका गेला असता, आणि तो इतका जडही नसता. मिस्त्रींनी पाचवा आणि सहावा दोन्ही एकदम तोडले. ठोका बुडाला.

त्यांनी सळई तोंडातून काढली. “शेवटचं मुख्य बेअरिंग. पाण्याकडचं.”

मी इंजिनियरिंगची पुस्तके वाचलेली नाहीत, पण ती वाचलेले लोक आमच्याकडे येतात. आवाजावरून बेअरिंग सांगायला त्यांतल्या एकालाही मी पाहिलेले नाही, आणि हा दुसरी शिकलेला बहिरा माणूस कारखान्याच्या वहीत अजून ‘अशिक्षित’ या रकान्यात आहे. याच्यावर मी पूर्वी एक पत्रक काढले होते. ते पत्रक मात्र खरे होते.

इंजिन थंड झाल्यावर आम्ही बाजूची झाकणे काढली. बेअरिंगची फट मोजायला शिशाची बारीक तार वापरतात. टोपी, म्हणजे बेअरिंगचा खालचा अर्धा भाग, काढायची, दांड्यावर तार ठेवायची, टोपी आवळायची, परत काढायची. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे फट. या दांड्याला मुख्य बेअरिंगे सात. पहिल्या सहांवर तार चेपून कागदासारखी झाली. सातव्यावर, शेवटच्यावर, ती जेमतेम चपटी झाली होती.

मिस्त्रींनी ते सातवे बेअरिंग हातात घेऊन उन्हात धरले. मलाही दाखवले. “त्येलाबिगर चालवलं आसतं तर समदी सात गेली आसती. काळी-निळी पडली आसती. ह्ये बघ, चकचकीत हाय. आन एकाच अंगानं खाल्लंय.”

आता धाकू तांडेल केबिनमध्ये गेला आणि आम्हाला हाक मारली. सुकाणूशेजारच्या फळीवर पेन्सिलीने बारीक बारीक रेघा होत्या. त्याला लिहिता येत नाही. रोज सकाळी आणि इंजिन तापल्यावर दुपारी, तेलाच्या दाबाचा काटा जिथे असेल तेवढ्या लांबीची एक रेघ तो मारत होता. आठ महिन्यांच्या रेघा. सुरुवातीला दोन्ही सारख्या. मग दुपारची रेघ हळूहळू आखूड होत गेलेली. शेठला हे कधी दाखवले नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, “दाखवलंय. शेठ म्हणालो, फळी कित्याक खराब केलंस?”

मिस्त्रींनी त्या रेघांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेले. “ह्या रेगा बारीक व्हायला कवापास्नं लागल्या?”

“तुमी इंजिन बसवन गेल्यात, त्याच्यानंतर आठ-धा दिसांनी.”

मिस्त्री परत खाली उतरले. इंजिनाचा मागचा भाग आणि लाँच ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथे एकमेकांना चार बोल्टांनी जोडलेले असतात, त्या जोडाला कपलिंग म्हणतात. त्यांनी ते बोल्ट सोडले. दोन्ही तबकड्या मोकळ्या झाल्यावर त्यांच्यामध्ये पातळ पट्टी घालून वर, खाली, डावी, उजवी अशी चार ठिकाणी फट पाहिली. वर पट्टी शिरेना. खाली तीन पट्ट्या एकदम गेल्या.

कपलिंग वाकडे होते. दर फेऱ्याला तो लांब दांडा इंजिनाला मागून हिसका देत होता, भात्याच्या जोराने मोठा हिसका, आणि तो सगळा शेवटचे बेअरिंग सोसत होते.

“ह्ये कपलिंग म्या जुळवलं हुतं,” मिस्त्री म्हणाले. “माज्या हातानं. चारी अंगांनी एकच पट्टी गेली हुती.”

“मग लाँचला धक्का लागला असेल कुठे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि तांडेलाकडे वळले. “तांडेल, तुमच्यात ह्ये कसं जुळवत्यात?”

धाकू तांडेल अवघडला. “आमच्याकडे होडी पाण्यात घातल्याशिवाय कपलिंग कोण आवळणा नाय. काठार होडी ओंडक्यांवर बसता. पाण्यात गेली की पाणी पोटाक उचलता. तिचो आकार बदलता.”

आम्ही सगळे जमिनीवरचे लोक. ट्रकची चौकट रस्त्यावर असली काय आणि कारखान्यात असली काय, वाकत नाही. आयुष्यभर ट्रक केलेल्या हातांनी आम्ही ती लाँच ट्रकसारखी काठावर जुळवली, अगदी नेमकी जुळवली, आणि पाण्यात ढकलून दिली.

“मंग तवाच का न्हाई बोलला?” मिस्त्रींनी विचारले.

तांडेलाने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मग दूर पाण्याकडे पाहत म्हणाला, “बोललंय आसतलंय. आठवणा नाय माका.”

मला आठवत होते. इंजिन बसवले त्या दिवशी हा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, “पाण्यात दोन दीस ऱ्हवांदे, मगे परत बघा.” आणि मी, शोषितांचा कैवारी, पाना पुसत म्हणालो होतो, “तांडेल, तुम्ही सुकाणू सांभाळा. इंजिनाचं आम्ही बघतो.” मिस्त्रींना ते सांगण्याइतकेही मला महत्त्वाचे वाटले नव्हते. मॅनेजरसाहेब आम्हाला ज्या सुरात बोलतात, तोच सूर होता तो. मी त्यांच्याकडूनच शिकलो असणार, पण बोललो मी.

मी ते मिस्त्रींना सांगितले. तांडेल म्हणाला, “सोडा हो, ऱ्हवांदे.”

मिस्त्रींनी माझ्याकडे नीट पाहिले. “लीडर, कामगाराचं ऐका म्हून पत्रकं कोन छापतं रं?”

मी पिशवीतला गठ्ठा आत सारला.

“बरं. आता कागद काड. रिपोट लिवायचाय.”

लाँचवर दुसरा कागद नव्हता. पत्रकांच्या गठ्ठ्यातले एक काढून त्याच्या कोऱ्या पाठीवर मी लिहायला बसलो. मिस्त्री सांगत गेले. तेल ठीक. सहा बेअरिंगे ठीक. सातवे एका बाजूने झिजलेले. कारण कपलिंग वाकडे. कपलिंग काठावर जुळवले, पाण्यात परत तपासले नाही. ही चूक केरबा मिस्त्रीची. चालकाचा दोष नाही.

माझी पेन्सिल थांबली. त्या महिन्यात फोरमनची जागा भरायची होती. वीस वर्षांत पहिल्यांदा ती कारखान्यातल्या माणसाला मिळायची होती, आणि ते नाव केरबा मिस्त्रींचे होते. त्यासाठी युनियनने भांडण केले होते, मी स्वतः चार पत्रके काढली होती.

“मिस्त्री, ‘नैसर्गिक झीज’ लिहू,” मी म्हणालो. “तांडेलही सुटेल, तुम्हीही सुटाल.”

“आठ म्हैन्यात नैसर्गिक? शेठ काय खुळा हाय? त्यो म्हनंल, मंग त्येल नसंल घातलं. फिरून ह्याच्यावरच.” त्यांनी बोट तांडेलाकडे केले. “बेअरिंग का गेलं त्ये ठावं असून दुसरंच सांगायचं, मंग आपुन कशाला हिकडं आलो? लिव.”

“मग माझंही लिहितो. तांडेलाने सांगितलेलं मी पुढे सांगितलं नाही.”

“तुजं कशाला? इचारायचं काम माजं हुतं.”

मी लिहिले. त्यांनी अडवले नाही. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्यांना स्वतःच्या सहीला माझ्या अख्ख्या अहवालाइतका वेळ लागला.

मॅनेजरसाहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. छापील बाजू आधी वाचली, तेव्हा बिनपुराव्याची पत्रके लिहिल्याचा माझाच कबुलीजबाब त्यांना मिळाल्यासारखे वाटले असावे. मग मागची बाजू वाचली. “केरबा, हे टंकलिखित करताना शेवटची वाक्यं गाळू.”

“गाळा,” मिस्त्री म्हणाले. “पर मंग खाली माजी सही घालू नगा. आन शेठनं मला इचारलं तर म्या हेच सांगनार.”

शेवटी अहवाल होता तसा गेला, हे मी त्यांच्या खाती जमा करतो. पत्रकांत त्यांच्या खाती मी आजवर काहीच जमा केलेले नाही. शेठचे उत्तर आले: चालकास कामावर ठेवत आहोत, कारखान्याने इंजिन आपल्या जबाबदारीवर नीट करून द्यावे. तांडेलाची माफी मागणारे एक अक्षर त्या पत्रात नव्हते. फोरमनची जागा मुंबईहून आलेल्या एका डिप्लोमावाल्याला मिळाली. तो माणूस वाईट नाही. सळई दातांत कशी धरायची ते त्याने मिस्त्रींकडून शिकून घेतले, आणि पहिल्या दिवशी दात दुखतात म्हणून चहा प्यायला नाही. पण ती जागा ज्याची होती त्याची होती, आणि खोटे बोलला असता तर ती त्याला मिळाली असती. या व्यवस्थेला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. मी मिस्त्रींपुढे त्याबद्दल तणतणलो, तेव्हा ते म्हणाले, “फोरमनला सळई चावू देत न्हाईत रं. टेबलावर बसवत्यात.” दुखले नाही असे मी म्हणणार नाही. आठवडाभर ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत.

लाँच पुन्हा काठावर ओढून नवे बेअरिंग बसवायला आम्ही सहा दिवस धरणावर होतो. मिस्त्रींनी दांड्याला निळा रंग लावून, तो फिरवून, अस्तरावर जिथे रंग उठेल तिथे पात्याने खरवडून ते बसवले. शंभरदा लावायचे, शंभरदा काढायचे. मी पाहत होतो. त्या पात्याखालून निघणारा धातू पावडरीएवढा असे, आणि किती काढायचा हे ते डोळ्यांनी नाही, मनगटाने ठरवत होते. यंत्रे हे काम करू लागतील तेव्हा चांगलेच होईल, पण कोणाच्या मनगटाची नक्कल केली ते यंत्राला कोणीतरी सांगावे.

बेअरिंग बसले. लाँच परत पाण्यात उतरवून दोन दिवस नुसती उभी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तांडेलाने वाडीवरच्या ओळखीच्या दहा-बारा जणांना बोलावून बाकांवर बसवले, कारण भरलेली लाँच रिकामीपेक्षा वेगळी बसते. दोन बायका टोपल्यांसकट आल्या. एका म्हातारबाबांनी विचारले, “जायाचं कुठं?” तांडेल म्हणाला, “खंय नाय. नुसते बसा.” ते बसले.

मिस्त्री इंजिनाच्या बैठकीखाली पत्र्याच्या पट्ट्या घालत होते. मी तबकड्यांमध्ये पट्टी घालून फट पाहत होतो. वर सारखी, खाली सारखी, डावीकडे सारखी, उजवीकडे सारखी. मी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पाना हातात घेऊन उकिडवे बसले होते.

“तांडेल, आवळू का?”

धाकू तांडेल वाकला. दांडा पाव फेरा फिरवला, तबकड्यांच्या कडेवरून अंगठा नेला, परत पाव फेरा. “थांबा.” उजव्या बाकावरच्या एका बाईला त्याने डावीकडे बसायला सांगितले. पुन्हा अंगठा नेला. पाणी स्थिर व्हायला वेळ दिला.

“आता आवळा,” तो म्हणाला. “आदी वरचो. मगे खालचो.”

केरबा मिस्त्रींनी आधी वरचा आवळला. मग खालचा.